पेतालूदेस, रोड्स: झोपलेल्या पतंगांच्या दरीत जाण्याआधी

ग्रीसच्या रोड्स बेटावरच्या पेतालूदेस दरीबद्दल पर्यटकांचे अभिप्राय वाचायला घेतले तर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हजारो फुलपाखरं, डोळ्यांचं पारणं फिटलं. दुसरा म्हणतो, पैसे वाया गेले, झाडाला चिकटलेले काळपट किडे तेवढे दिसले. दोघंही खरंच सांगत असतात. कोणत्या महिन्यात गेलात, किती वाजता गेलात आणि नजर कुठे ठेवलीत, यावर ही दरी कशी दिसणार ते ठरतं. तिकीट काढून आत जाण्याची ही जागा आहे, त्यामुळे तिकिटाच्या बदल्यात काय मिळतं ते आधी नीट समजून घेणं बरं.

पहिली गोष्ट नावाची. 'पेतालूदेस' म्हणजे ग्रीक भाषेत फुलपाखरं. प्रत्यक्षात इथे जे जमतात ते पतंग आहेत. इंग्रजीत त्यांना जर्सी टायगर म्हणतात आणि शास्त्रीय नाव युप्लाजिया क्वाड्रिपंक्टारिया. रोड्सवरची त्यांची उपजात वेगळी मानली जाते, तिचं नाव रोडोसेन्सिस. ग्रीक माणसाला या नावात काही चूक वाटत नाही, कारण त्याच्या भाषेत पतंगाला 'निख्तोपेतालूदा' म्हणजे रात्रीचं फुलपाखरूच म्हणतात. आपल्या मनात मात्र फुलपाखरू म्हटलं की फुलावर भिरभिरणारं काहीतरी उभं राहतं. ते इथे नाही. फुलं नाहीत, भिरभिरणं नाही. आहे ते हजारो पतंगांचं सामूहिक झोपणं. हे डोक्यात पक्कं ठेवून गेलात तर या दरीसारखी जागा युरोपात क्वचित सापडेल.

पतंग इथे का येतात, ते कळलं की बाकी सगळा हिशोब आपोआप जुळतो. भूमध्य समुद्राभोवतीचं हवामान आपल्या अगदी उलट. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, आणि पावसाच्या शेवटी नि नंतर फुलपाखरांची चंगळ. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. नोव्हेंबर ते एप्रिल रान हिरवं असतं, एप्रिल-मे-जूनमध्ये फुलपाखरं भरात येतात, आणि जुलैपासून सगळं करपून जातं. त्यामुळे तिथल्या कीटकांचा कठीण काळ थंडीचा नाही, उन्हाळ्याचा आहे. काही जाती तेवढे महिने अंड्यात किंवा कोषात काढतात. मेडो ब्राउन नावाच्या साध्या तपकिरी फुलपाखराच्या माद्या भूमध्य भागात भर उन्हाळ्यात अंडी घालायचं लांबणीवर टाकतात, आडोशाला बसून राहतात आणि शरद ऋतूत गवत पुन्हा हिरवं व्हायच्या सुमाराला कामाला लागतात. जर्सी टायगर हेच करतो, फक्त एकट्याने नाही, थव्याने. याला ग्रीष्मनिद्रा म्हणायला हरकत नाही.

त्याचं वर्ष असं जातं. सप्टेंबरात घातलेल्या अंड्यांतून पहिल्या पावसाच्या आसपास अळ्या बाहेर येतात. अळी काळसर, केसाळ, पाठीवर पिवळसर पट्टा. एका झाडाची तिला सक्ती नाही. बेटावरच्या सदाहरित झुडपांची आणि रानटी रोपांची पानं ती बहुतेक रात्री खाते आणि सौम्य हिवाळा तशीच काढते. वसंतात पालापाचोळ्यात कोष होतो. मे संपता संपता पतंग बाहेर पडतो. तोवर आजूबाजूचं झुडपी रान कोरडं पडू लागलेलं असतं. कीटकाचं शरीर छोटं आणि त्या मानाने पृष्ठभाग मोठा, म्हणजे अंगातलं पाणी भराभर उडून जाण्याची भीती. मग बेटावर विखुरलेले पतंग ओल्या, सावलीच्या घळींकडे सरकतात. पेलेकानोस ओढ्याची ही दरी त्यातली सगळ्यात मोठी आणि प्रसिद्ध. जूनच्या मध्यापासून गर्दी वाढू लागते, जुलै-ऑगस्टमध्ये ती शिगेला पोचते, ऑगस्टच्या अखेरीपासून मीलन सुरू होतं आणि सप्टेंबरात माद्या अंडी घालायला पुन्हा रानात पांगतात.

मधले हे दोन-अडीच महिने पतंग जवळजवळ काही खात नाहीत. या जातीला चांगली सोंड असते आणि युरोपात इतरत्र ती फुलांवर मध पिताना सर्रास दिसते, त्यामुळे 'यांना तोंडच नसतं' असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. दरीत मात्र ते अळी असताना साठवलेल्या चरबीवर जगतात, हालचाल कमीत कमी ठेवतात. ही चरबी म्हणजे त्यांची पुंजी. सप्टेंबरात उडत परत जायचं, जोडीदार शोधायचा, अंडी तयार करायची, सगळं त्यातूनच भागवायचं आहे. कुणी टाळी वाजवली, शिट्टी मारली, खोड हलवलं, की शेकडो पतंग एकदम उडतात आणि मागच्या पंखांचा लाल-केशरी रंग हवेत पसरतो. फोटो छान येतो. पण त्या प्रत्येक उड्डाणात पुंजी खर्ची पडते, आणि ती भरून काढायला दरीत अन्न नाही. दिवसातून दहा वेळा उठवलेली मादी सप्टेंबरापर्यंत टिकली तरी अंड्यांसाठी तिच्याकडे किती उरेल? मागच्या काही दशकांत पतंगांची संख्या घटल्याची ओरड झाली, तिच्या मुळाशी पर्यटकांचा हाच उपद्व्याप प्रामुख्याने सांगितला जातो. टाळ्या वाजवायला आता इथे मनाई आहे. तरीही भर गर्दीत कुणीतरी वाजवतोच. आपल्या गटातला असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

आता जागेबद्दल. रोड्स शहरापासून दरी सुमारे २५ किलोमीटर, नैर्ऋत्येला. बेटाचा विमानतळ त्याच बाजूला आहे, त्यामुळे भाड्याची गाडी घेतलीत तर उतरल्या उतरल्याही जाता येतं. शहरातून हंगामात बस असते, पण तिच्यावर विसंबलात तर पोचेपर्यंत सकाळचा सगळ्यात मोलाचा वेळ निघून जाण्याची शक्यता. तिकिटाचा दर हंगामावर ठरतो: पतंगांच्या महिन्यांत जास्त, एरवी कमी. आतली वाट ओढ्याच्या कडेकडेने चढत जाते, मध्ये मध्ये लाकडी पूल, छोटे धबधबे, पाण्याची डबकी. वर टोकाला कालोपेत्राचा मठ. खालच्या बाजूला छोटेखानी निसर्ग संग्रहालय आहे. मुलं बरोबर असतील तर आधी तिथे जा. पंख पसरलेला पतंग एकदा जवळून पाहिला की खोडावर मिटून बसलेला ओळखणं त्यांना सोपं जातं.

वाट लांब नाही, पण पायऱ्या भरपूर. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची नेण्यासारखी ही जागा नाही, आणि गुडघे दुखत असतील तर खालून वर चढण्यापेक्षा मठाच्या बाजूच्या प्रवेशद्वारातून शिरून उतरत यावं. उतरताना ओल्या फळ्यांवर पाय घसरतो. सपाट तळाच्या चपला नकोत, रबरी पकड असलेले बूट हवेत. बाहेर ३५ अंश तापलेलं असताना आत झाडाखाली चांगलाच गारवा जाणवतो. तुम्हाला जाणवणारा हाच फरक पतंगांना इथे बांधून ठेवतो.

या गारव्याचा मोठा भाग एका झाडाचा आहे आणि त्या झाडाशी आपलं जुनं नातं निघतं. दरीत सावली धरणारं मुख्य झाड लिक्विडाम्बर ओरिएन्टॅलिस. पानं पाच बोटांच्या पंजासारखी, मॅपलची आठवण करून देणारी. निसर्गतः ते नैर्ऋत्य तुर्कस्तानात आणि रोड्सवर, एवढ्याच टापूत उगवतं. त्याच्या सालीतून निघणारा सुगंधी राळेसारखा चीक म्हणजे शिलारस. काष्ठौषधींच्या दुकानात किंवा उदबत्तीवाल्याकडे हे नाव ऐकलं असेल. आयुर्वेदात त्याला सिल्हक आणि तुरुष्क ही नावं आहेत, आणि तुरुष्क हे नावच माल कुठून यायचा ते सांगून जातं. (याच नात्यातल्या ईशान्य भारतातल्या एका झाडाचा चीकही आपल्याकडे शिलारस म्हणून विकला जातो.)

पतंग शिलारसाच्या वासाने ओढले जातात, असं इथे हमखास ऐकायला मिळतं. वासाचा काहीच संबंध नाही असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण मुख्य कारण ते नसावं. एजियन समुद्रातल्या पारोस बेटावर याच नावाची एक छोटी जागा आहे, तिथेही उन्हाळ्यात जर्सी टायगर जमतात, आणि तिथल्या रानात हे झाड नाही. दोन्हीकडे सारखं आहे ते पाणी, दाट सावली आणि दमट हवा. पारोसला जाणार असाल तर ती जागा फिरायला सोपी आहे, पण आकाराने आणि दृश्याने रोड्सची सर तिला नाही.

आत शिरल्यावर बहुतेकांची चूक होते ती नजरेची. लोक वर, हवेत बघत चालतात. बघायचं आहे ते खोडांकडे, ओल्या कातळाच्या सावलीतल्या बाजूकडे, पुलाखालच्या दगडांकडे, ओढ्यावर झुकलेल्या वेलींकडे. बसलेला पतंग त्रिकोणी दिसतो. पुढचे पंख काळपट, त्यावर साय रंगाचे तिरपे पट्टे. लाल मागचे पंख त्याखाली पूर्ण झाकलेले. पाच-सहा सेंटिमीटर पंखविस्ताराचा हा जीव बसला की खोडावरच्या ऊन-सावलीच्या कवडशात मिसळून जातो. एक सापडला की मग डोळ्यांना सराव होतो आणि तेच खोड एकाएकी पतंगांनी भरून गेलेलं दिसतं. पाच पावलं टाकून दोन मिनिटं थांबणं, ही इथली चाल. जिथे पाणी वाहतंय किंवा साचलंय आणि सावली दाट आहे तिथे जास्त वेळ द्या. उन्हाचा पट्टा पडलेल्या मोकळ्या जागेत थांबण्यात अर्थ नाही.

रंगाच्या या दोन थरांमागे एक युक्ती आहे. बसलेला असताना पट्ट्यांमुळे शरीराची कडा तुटते आणि पक्ष्याला आकार उमगत नाही. तरी कुणी अगदी जवळ आलंच तर एकदम लाल भडका. पक्षी क्षणभर दचकतो, पतंग निसटतो, आणि पुन्हा बसताच लाल रंग गडप होतो, त्यामुळे लाल शोधणाऱ्याला तो सापडत नाही. जर्सी टायगर ज्या कुळातला, त्या टायगर मॉथच्या कुळातल्या अनेक जाती चवीला वाईट किंवा विषारी असतात, त्यामुळे लाल रंग हा इशाराही असतो. हे सगळं बघायला त्यांना उडवायची गरज पडत नाही. हजारोंच्या गर्दीत एखादा आपणहून जागा बदलत असतोच. दहा मिनिटं शांत उभं राहिलात तर लाल पंख चार-पाच वेळा तरी दिसतील.

दुर्बीण न्यायची तर दोन मीटरच्या आतलं स्पष्ट दिसणारी न्या. पक्षी बघायच्या बऱ्याच दुर्बिणी तीन मीटरच्या आत धूसर होतात आणि इथे वाट अरुंद असल्याने मागे सरकायला जागा नसते. कॅमेऱ्याचं गणित उजेडावर अडतं. झाडाखाली भर दुपारीही प्रकाश कमी. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/१२५ च्या खाली नको, छिद्र एफ ५.६ च्या आसपास. पतंग खोडावर चपटा बसलेला असतो, म्हणून कॅमेऱ्याचा चेहरा खोडाला समांतर धरला तर उथळ फोकसमध्येही सगळे पंख स्पष्ट येतात. तिरपा धरला की अर्धा पतंग धूसर. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स चांगली, पण ७०-३०० झूम जास्त उपयोगी, कारण वाट सोडून खोडाजवळ जायचं नाही. फ्लॅश पूर्ण बंद. तिकाटणं (ट्रायपॉड) उघडलं की पुलावरची वाट अडते, त्यापेक्षा एकपायी काठी (मोनोपॉड) न्यावी. फोनवाल्यांनी दुप्पट झूम लावून कठड्यावर कोपर टेकवावं, तेवढं पुरतं.

वेळेचं म्हणाल तर दार उघडताना तिथे हजर राहणं, याला दुसरा पर्याय नाही. रोड्स हे क्रूझ जहाजांचं मोठं बंदर आहे. सकाळ जरा वर आली की सहलींच्या बस येतात, आणि मग अरुंद पुलांवर रांग लागते, मागून ढकलत नेणारी. त्या गर्दीत थांबून बघणं जमत नाही आणि गोंगाटाने पतंगही अस्वस्थ होतात. पहिल्या तासात तीच वाट वेगळी असते. संख्या बघायची तर जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा मध्य. वागणूक बघायची असेल तर सप्टेंबरचा पहिला आठवडा: पतंग थोडे कमी, पण जोड्या जमलेल्या, हालचाल वाढलेली, गर्दीही किंचित ओसरलेली. माझी शिफारस सप्टेंबरची. मे महिन्यात जाऊन 'एकही फुलपाखरू नाही' म्हणून एक तारा देणारे बरेच आहेत. त्या महिन्यात पतंग अजून कोषात किंवा नुकते बाहेर पडलेले असतात, दरीत त्यांचं काही काम नसतं. मे मध्ये रोड्सवर असाल तर ही दरी ओढ्यासाठी आणि झाडांसाठी बघा, आणि फुलपाखरांसाठी ७९८ मीटर उंचीच्या प्रोफितिस इलियास डोंगराकडे वळा. तिथल्या रानात क्लिओपात्रा नावाचं पिवळं फुलपाखरू मिळेल. नराच्या पुढच्या पंखांवर केशरी डाग असतो, तो बसल्यावर दिसत नाही, उडतानाच दिसतो.

संरक्षणाच्या बाबतीत एक गमतीदार गुंता इथे सांगायलाच हवा. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात या पतंगाला अग्रक्रमाने जपायच्या जातींत जागा मिळाली. पण यादीत नोंद झाली ती संपूर्ण जातीची. धोका होता तो रोड्सवरच्या उपजातीला. मध्य युरोपात हा पतंग बऱ्यापैकी आढळतो, जर्मन लोक त्याला 'स्पॅनिश झेंडा' म्हणतात. परिणामी रोड्सपासून हजारो किलोमीटर दूरची ठिकाणंही या पतंगाच्या नावाने संरक्षित झाली. पेतालूदेस दरी नातुरा २००० या युरोपीय संघाच्या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्यात आहे, ते योग्यच. मात्र दरी म्हणजे फक्त उन्हाळी मुक्काम. पतंगाच्या आयुष्यातले बाकीचे आठ-नऊ महिने, अंडं, अळी, कोष, हे सगळं बाहेरच्या झुडपी रानात घडतं. जुलै २०२३ मध्ये रोड्सच्या मध्य आणि दक्षिण भागात मोठे वणवे लागले. अशा आगीत जळतं ते हेच अळ्यांचं रान. दरीतल्या झाडाला हात न लावता पतंग कमी होऊ शकतात, हे तिथे उभं राहून लक्षात येत नाही.

गुणांकन द्यायचंच तर: जुलै ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, सकाळी पहिल्या तासात, ५ पैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो नावामुळे होणाऱ्या फसगतीसाठी आणि पायऱ्यांमुळे ज्यांना येताच येत नाही त्यांच्यासाठी. त्याच महिन्यांत दुपारी ११ ते ३, अडीच. बाकी वर्षभर, सावलीतली छान पायवाट म्हणून तीन. लहान मुलांना नेताना आधी घरी सांगून ठेवा की आपण झोपलेल्यांच्या खोलीत जातोय. मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं पाळतात. दीड तास पुरतो. घाई केली तर २५ मिनिटांत वाट संपते आणि काहीच हाती लागत नाही. पाण्याची बाटली न्या, पण ओढ्यात पाय घालू नका. त्या पाण्यात गोड्या पाण्यातले खेकडे राहतात, दगडाच्या कपारीत बघितलं तर नांगी दिसते.

बाहेर पडल्यावर वेळ उरला तर परतीच्या वाटेवर कोरड्या ओढ्यांच्या पात्रात गुलाबी कण्हेर फुललेली असते, तिथे गाडी थांबवा. फुलांकडे नको, कोवळ्या शेंड्यांकडे बघा. पानं देठापर्यंत खाल्लेली आणि खाली जमिनीवर जाड, दाणेदार विष्ठा दिसली तर वर हिरवी, बोटाएवढी अळी असण्याची शक्यता, डोक्यामागे निळे-पांढरे दोन डोळे काढल्यासारखे ठिपके. ही ओलिअँडर हॉकमॉथ या पतंगाची अळी. पुण्या-मुंबईच्या बागांत कण्हेरीवर आणि तगरीवर पावसाळ्यात सापडते तीच जात. आणि उन्हात केशरी पंखांचं, काळ्या-पांढऱ्या कडेचं एखादं फुलपाखरू संथ तरंगत गेलं तर तेही ओळखीचं असू शकतं: आपल्याकडे रुईवर वाढणारं प्लेन टायगर रोड्सवरही दिसतं. त्याच्या शेजारी थांबून दरीतल्या जर्सी टायगरशी तुलना करा; दोघांच्या नावात वाघ आहे, पण एक भर उन्हात बिनधास्त मिरवतो आणि दुसरा उन्हापासून लपायला एवढ्या लांब येतो.